क्लबहाउसात पाणी शिरल्यावर: एचओएने सरकारी आपत्ती-कर्ज कसं मागावं

२०२१ च्या १ सप्टेंबरला रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. आमच्या टाउनहाउस वसाहतीच्या क्लबहाउसचं तळघर छातीभर पाण्यात गेलं, पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याची भिंत एका बाजूने खचली आणि आतल्या रस्त्याचा एक तुकडा खाली बसला. मी तेव्हा एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनच्या, बोर्डावर ट्रेझरर होतो. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून झालो होतो; बहुतेक ट्रेझरर असेच होतात. तिसऱ्या दिवशी झूमवर मीटिंग भरली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी एकच वाक्य म्हटलं, “फेमाकडे मागू की!”

फेमा म्हणजे अमेरिकेची केंद्रीय आपत्ती-मदत संस्था. तिच्याकडून आम्हाला एक डॉलरही मिळणार नव्हता. हे समजायला दोन आठवडे गेले. मग विमा कंपनीच्या पत्राची वाट पाहण्यात आणखी चार. कर्जाच्या अर्जाला मुदत असते साठ दिवसांची, आणि त्यातले बेचाळीस आम्ही नुसते घालवले. अमेरिकेत बोर्डावर बसलेल्या, मराठी मंडळाच्या गणपतीत भेटल्यावर “तुमच्याकडे काय केलंत हो?” असं विचारणाऱ्या मित्रांसाठी हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

तुमची संस्था नेमकी काय आहे?

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वाढलेला माणूस एचओएला सोसायटीच समजतो. मेंटेनन्स, एजीएम, सिंकिंग फंड, पार्किंगवरून भांडणं, सगळं ओळखीचं. पण कर्जाच्या बाबतीत मालकी कुणाची हा प्रश्न पहिला येतो, आणि तिथे तीन वेगवेगळे प्रकार निघतात.

कोऑपमध्ये इमारत संस्थेची असते आणि सभासदाकडे शेअर असतात. न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार जास्त. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वांत जवळचा हाच. कॉन्डोमध्ये जिने, छप्पर, लिफ्ट, पाया हे सगळं सर्व मालकांच्या सामाईक मालकीचं असतं. असोसिएशन फक्त त्याची देखभाल करते. टाउनहाउस किंवा स्वतंत्र घरांच्या एचओएमध्ये घर आणि खालची जमीन मालकाची, आणि रस्ते, तळं, क्लबहाउस, पूल असोसिएशनच्या नावावर.

हे का महत्त्वाचं? बँक असो वा सरकार, कर्ज देणारा विचारतो: गहाण काय ठेवता? कॉन्डो असोसिएशनच्या नावावर बहुतेक वेळा विकता येईल असं काहीच नसतं. एचओएचं तळं आणि क्लबहाउस कुणी विकत घेणार नाही. तुमच्या संस्थेकडे खरी मालमत्ता एकच असते: दर महिन्याला ड्यूज (म्हणजे मेंटेनन्स) गोळा करण्याचा आणि न देणाऱ्याच्या घरावर लीन (म्हणजे बोजा) टाकण्याचा अधिकार. कर्ज मिळतं ते या अधिकाराच्या जोरावर. नुकसान कितीही मोठं असो, तुमची वसुली ढिली असेल तर अर्ज लंगडा पडतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे आडवं येणार आहे.

कोविडचा धडा

२०२० मध्ये बऱ्याच बोर्डांनी पहिल्यांदा सरकारी कर्जाचा विचार केला. २७ मार्चला कोविड-मदतीच्या केअर्स कायद्यावर सही झाली, ३ एप्रिलला पीपीपी (पगार चालू ठेवण्यासाठीचं, माफ होऊ शकणारं कर्ज) सुरू झालं आणि पहिले ३४९ अब्ज डॉलर १३ दिवसांत संपले. क्लबहाउस बंद, जिमचा माणूस घरी, पगार चालू, त्यामुळे अर्ज करावासा वाटणं साहजिक होतं. पण नॉन-प्रॉफिटसाठी पहिल्या कायद्यात जागा होती ती मुख्यतः ५०१(सी)(३) दर्जाच्या धर्मादाय संस्थांना आणि माजी सैनिकांच्या संघटनांना. एचओए राज्याच्या कायद्याखाली नॉन-प्रॉफिट कॉर्पोरेशन असते हे खरं, पण आयआरएसकडे (केंद्रीय कर खात्याकडे) ती बहुधा घरमालक संस्थांसाठीचा फॉर्म ११२०-एच भरते, ५०१(सी)(३) नसते. या दोन गोष्टींची गल्लत करून कितीतरी बोर्डांनी वेळ घालवला. शिवाय कर्ज माफ व्हायला पैसा मुख्यतः पगारावर खर्च व्हायला हवा होता, आणि ज्यांची सगळी कामं मॅनेजमेंट कंपनी आणि कंत्राटदार करतात त्यांचे स्वतःचे पगार असतात कुठे?

कोऑपना मात्र २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने दार उघडलं, तेही ३०० पर्यंत कर्मचारी असलेल्यांना. न्यूयॉर्कच्या इमारतींत दरवान, सुपर (इमारतीची देखभाल बघणारा), पोर्टर हे संस्थेचे स्वतःचे नोकर असतात, त्यामुळे त्यांना ते उपयोगी पडलं. ३१ मे २०२१ ला पीपीपी बंद झालं. आजही कुणी ईमेलवर “एचओएसाठी पीपीपी” देऊ करत असेल तर तो लुच्चा आहे.

धडा एवढाच: प्रत्येक संकटात सरकार वेगळं भांडं मांडतं आणि कुणाच्या ताटात वाढायचं ते कायद्याच्या व्याख्येत ठरलेलं असतं. आधी व्याख्या वाचा, मग अर्ज.

दार कुठलं ठोठवायचं

वादळ, पूर, वणवा, भूकंप यांत फेमाची वैयक्तिक मदत घरमालकाला त्याच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी मिळते. कॉन्डोमालकाला त्याच्या युनिटच्या आतल्या नुकसानीसाठी ती मागता येते. सामाईक भागासाठी असोसिएशनला ती मिळत नाही. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्क-न्यू जर्सीत यावरून बराच गदारोळ झाला आणि कायदा बदलण्यासाठी विधेयकंही आली. पण त्यांच्या भरवशावर क्लबहाउसचं छप्पर दुरुस्त होत नाही.

असोसिएशनचं दार म्हणजे एसबीए, म्हणजे स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन. नाव ऐकून दुकानदारांची संस्था वाटते, पण आपत्तीत घरमालकांपासून चर्चपर्यंत सगळ्यांना तीच कर्ज देते. त्यातलं ‘बिझनेस फिजिकल डिझास्टर लोन’ हे आपल्या कामाचं. मर्यादा २० लाख डॉलर. यात संस्था लहान असण्याची अट नाही. प्रत्यक्ष मोडलेल्या, वाहून गेलेल्या, जळालेल्या आणि विम्यातून न भरून आलेल्या गोष्टींसाठीच हे कर्ज आहे. ड्यूज थकले, विम्याचा हप्ता दुप्पट झाला, जुनं छप्पर बदलायचं आहे, यासाठी नाही.

कर्ज मिळायला तुमच्या काउंटीत (जिल्ह्यात) आपत्ती जाहीर झालेली असावी लागते. राष्ट्राध्यक्षांची घोषणा सर्वांना माहीत असते. पण एसबीएची स्वतःची घोषणाही असते: एखाद्या काउंटीत किमान २५ घरं किंवा व्यवसायांचं ४० टक्के किंवा जास्त, विम्याबाहेरचं नुकसान झालं असेल तर गव्हर्नर ती मागू शकतात. हे बोर्डांना ठाऊक नसतं. परिसरातल्या चार-पाच वसाहतींचं एकदम नुकसान झालं असेल तर काउंटीच्या आपत्ती कार्यालयाला आकडे कळवा. घोषणा व्हायला हेच आकडे लागतात. तुमच्या एकट्या इमारतीला आग लागली तर मात्र हा मार्ग बंद. तिथे विमा, रिझर्व्ह (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला निधी) आणि खासगी बँक.

पहिले दहा दिवस

पाणी ओसरलं की पहिल्याच दिवशी सगळे झाडू घेऊन धावतात. थांबा. आधी फोटो आणि व्हिडिओ. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते टेप लावून दाखवा, पंप आणि बॉयलरवरचे सिरीयल नंबर टिपा, फेकून देण्याच्या प्रत्येक वस्तूचा फोटो घ्या. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री, पाणी उपसणं, ओलं ड्रायवॉल काढणं हे करायलाच हवं, नाहीतर विमा कंपनी उद्या बोट दाखवेल. फक्त त्या कामाच्या पावत्या वेगळ्या फाइलीत.

त्याच आठवड्यात मास्टर डीड किंवा सीसीअँडआर (वसाहतीच्या मालकीचे आणि नियमांचे नोंदणीकृत कागद) उघडून एक तक्ता करा: काय मोडलं, ते कुणाचं, दुरुस्ती कुणाकडे. बाल्कनी, खिडक्या, प्रत्येक घराची डेक यांत हमखास गोंधळ असतो. घरमालकाच्या जबाबदारीची गोष्ट असोसिएशनच्या अर्जात घुसली की तपासनीस ती वगळतो, आणि मग बाकीच्या यादीकडेही संशयाने बघतो.

खासगी रस्त्याचा प्रश्न वेगळाच. गेट असलेल्या वसाहतीतला पडझडीचा कचरा सरकारी गाडी आपोआप उचलत नाही. नगरपालिकेला त्यासाठी फेमाची मान्यता लागते आणि तुमचं लेखी प्रवेश-परवानगीपत्रही. ते पत्र वादळाच्या मोसमाआधीच टाउनशिपशी बोलून तयार ठेवता येतं. आमच्याकडे ते नव्हतं, आणि ओक वृक्षाचं एक खोड तीन आठवडे रस्त्यात आडवं पडून होतं. मुलांनी त्याला बस स्टॉप केलं.

विम्याला लगेच कळवा, पण त्याच्या उत्तरासाठी कर्जाचा अर्ज अडवू नका. आमची चूक हीच. विम्याचा निकाल लागायच्या आधी एसबीएकडे अर्ज करता येतो. पुढे विम्याचे पैसे आले की त्याच नुकसानीसाठी दोनदा पैसे मिळाले असं होऊ नये म्हणून कर्जाची रक्कम तेवढी कमी होते किंवा तो पैसा कर्जात भरावा लागतो. पुराचा विमा असेल तर त्यातल्या खाचाही आत्ताच वाचा. सरकारी पूर विम्यात कॉन्डो इमारतीला प्रत्येक युनिटमागे २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण घेता येतं, पण तळघरातल्या सजवलेल्या भिंती आणि गालिचे त्यात धरत नाहीत. पंप, बॉयलर, विजेचं पॅनल धरतात. आमच्या तळघरातला टेबल टेनिसचा सुंदर हॉल म्हणजे विम्याच्या दृष्टीने शून्य होता.

कर्ज काढायचा अधिकार बोर्डाला आहे का?

इथे सर्वांत जास्त अर्ज अडकतात, म्हणून जरा थांबतो.

बोर्डाला कर्ज काढता येतं की नाही हे तीन ठिकाणी लिहिलेलं असतं: राज्याचा कायदा, मास्टर डीड किंवा सीसीअँडआर, आणि बायलॉज. काही बायलॉजमध्ये बोर्डाला ठरावीक रकमेपर्यंत मोकळीक असते, त्यावर सभासदांची मतं लागतात. कधी साधं बहुमत, कधी दोन-तृतीयांश. १९८० च्या दशकातल्या कागदांत ही रक्कम इतकी लहान असते की आज तेवढ्यात तळघराचा पंपही येणार नाही.

आणीबाणीसाठी राज्यागणिक सवलती वेगळ्या. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाल्यावर कॉन्डो आणि एचओए दोघांच्याही बोर्डांना सभासदांच्या मताशिवाय स्पेशल असेसमेंट (खास कामासाठीची जादा वर्गणी) लावण्याचे, कर्ज काढण्याचे आणि असोसिएशनची मालमत्ता तारण ठेवण्याचे अधिकार कायद्यानेच मिळतात. कॅलिफोर्नियात एरवी वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त स्पेशल असेसमेंटला सभासदांची मंजुरी लागते, पण सुरक्षिततेला धोका किंवा आधी दिसू न शकलेला असाधारण खर्च असेल तर सूट आहे. हा दुसरा मार्ग घेताना बोर्डाने खर्च का अटळ आणि आधी का कळू शकला नाही हे ठरावात लिहून सभासदांना नोटिशीबरोबर पाठवावं लागतं. २०२५ पासून तिथे आणखी एक भर पडली आहे: सामाईक भागातल्या नळ, गॅस, वीज, हीटिंग या सेवा बंद पडल्या आणि रिझर्व्ह पुरत नसेल तर बोर्ड मतदानाशिवाय कर्ज घेऊन त्याच्या परतफेडीसाठी आणीबाणीची वर्गणी लावू शकतं. आमच्या न्यू जर्सीत जानेवारी २०२४ च्या कायद्याने इमारतीचा भार पेलणाऱ्या रचनेच्या दुरुस्तीसाठी बोर्डाला अशी मोकळीक दिली. या कायद्यामागे २४ जून २०२१ ला फ्लोरिडातल्या सर्फसाइडला कोसळलेली कॉन्डोची इमारत आहे. त्यात ९८ माणसं गेली, आणि तिथल्या मालकांसमोर तेव्हा दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी होती.

अधिकार आहे हे वकिलाकडून लेखी घ्या. त्याचे हजार-दोन हजार डॉलर लागले तरी खुशाल द्या. मग ठराव. त्यात कमाल रक्कम, कशासाठी, कोणत्या कलमाखाली, सही कोण करणार आणि परतफेड कशातून, हे पाच मुद्दे असले की पुरे. “बोर्डाने योग्य ती कारवाई करावी” छापाचा ठराव कर्ज देणाऱ्यासमोर कागदाचा तुकडा असतो.

सभासदांची मतं लागणार असतील तर पहिली नोटीस आजच काढा, कारण कोरम. निम्मे मालक भाडेकरू ठेवून दुसऱ्या राज्यात असतात, काही तर थेट भारतात. त्यांच्या प्रॉक्सी गोळा करायला व्हॉट्सअॅपशिवाय इलाज नाही. “काका, फक्त सही करून फोटो पाठवा” असे मी एका रविवारी एकतीस मेसेज पाठवले.

फाइल

एसबीएच्या पोर्टलवर अर्ज फुकट भरता येतो. टक्केवारी घेऊन अर्ज भरून देणारे आपत्तीनंतर माशांसारखे येतात. त्यांची गरज नाही. तुमच्याकडे हे कागद असले की मॅनेजमेंट कंपनीची एक मुलगी आणि ट्रेझरर मिळून दोन संध्याकाळी काम उरकतं:

गेल्या तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स आणि आयआरएसकडून ट्रान्सक्रिप्ट मागवण्याचं संमतीपत्र, म्हणजे फॉर्म ४५०६-सी. चालू वर्षाचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च. सध्याच्या सगळ्या देण्यांची यादी. रिझर्व्ह स्टडी, म्हणजे पुढच्या दुरुस्त्यांना किती निधी लागेल याचा अहवाल. ड्यूजच्या थकबाकीचा अहवाल, ३०, ६० आणि ९० दिवसांच्या रकान्यांत. मास्टर डीड, बायलॉज, कॉर्पोरेशनची नोंदणी. वर सांगितलेला ठराव आणि ती मीटिंग झाली याचे मिनिट्स. विम्याच्या पॉलिसी आणि क्लेम नंबर. फोटो आणि कंत्राटदारांचे अंदाज.

यात थकबाकीचा अहवाल सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. घरासाठी मॉर्गेज देणाऱ्या बँकाही कॉन्डोमध्ये हेच बघतात: फॅनी मे (बँकांकडून मॉर्गेज विकत घेणारी मोठी संस्था) हिच्या नियमात १५ टक्क्यांहून जास्त युनिट्स ६० दिवसांपलीकडे थकलेली असली की तिथलं घर विकणं अवघड होतं. म्हणजे थकबाकी वाढली की एकीकडे असोसिएशनला कर्ज मिळेना आणि दुसरीकडे सभासदाला घर विकता येईना. अर्जाआधी दोन आठवडे थकबाकीदारांना फोन करा. आपल्यातलाच कुणी असेल तर संकोच होतो, मला झाला. पण “अहो, पुढच्या महिन्यात देतो ना” असं ऐकून घ्यायची ही वेळ नव्हे. लेखी हप्ते ठरवा. लेखी हप्त्यांवर असलेला थकबाकीदार कर्ज देणाऱ्याला नुसत्या थकबाकीदारापेक्षा फार बरा दिसतो.

मुदत दोनदा तपासा. प्रत्यक्ष नुकसानीच्या कर्जाला घोषणेपासून साधारण ६० दिवस. कधी वाढवून देतात, पण त्यावर विसंबू नका. आणि निधी संपल्याची बातमी आली तरी अर्ज थांबवू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात हेलीन आणि मिल्टन वादळांमागोमाग एसबीएचा आपत्ती-कर्जाचा निधी संपला. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, डिसेंबरात तो भरला. मधल्या काळातही अर्ज घेणं चालूच होतं. ज्यांनी तेव्हा हात झटकले त्यांची मुदत निघून गेली.

आकडे सभासदांसमोर कसे मांडायचे

व्याजाचा नेमका दर प्रत्येक घोषणेच्या माहितीपत्रकात असतो. कायद्याची चौकट अशी: ज्यांना दुसरीकडे कर्ज मिळण्यासारखं नाही त्यांना जास्तीत जास्त ४ टक्के आणि मुदत ३० वर्षांपर्यंत. ज्यांना मिळू शकतं असं एसबीएला वाटतं त्यांना ८ टक्क्यांपर्यंत आणि मुदत फक्त ७ वर्षं. पहिला हप्ता पहिली रक्कम हातात आल्यापासून १२ महिन्यांनी, आणि त्या १२ महिन्यांचं व्याज नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. गंमत अशी की वर्षानुवर्षं रिझर्व्ह भरणारी शिस्तीची असोसिएशन दुसऱ्या गटात ढकलली जाऊ शकते. रागावून उपयोग नाही. दोन्ही दरांनी गणित मांडून ठेवा.

एक उदाहरण. १२० घरं, विम्याबाहेर उरलेलं काम ६ लाख डॉलरचं. एकरकमी स्पेशल असेसमेंट म्हणजे घरटी ५,००० डॉलर. एसबीएचं ४ टक्क्यांचं ३० वर्षांचं कर्ज म्हणजे महिन्याला सुमारे २,८६५, घरटी २४ डॉलर. समजा बँकेने ८ टक्क्यांनी १० वर्षांसाठी दिलं, तर महिन्याला सुमारे ७,२८०, घरटी ६१ डॉलर.

इथे सगळे २४ डॉलरवर शिक्का मारायला निघतात. पण पूर्ण ३० वर्षं फेडत बसलात तर एसबीएला एकूण व्याज सुमारे ४ लाख ३१ हजार जातं, बँकेला १० वर्षांत सुमारे २ लाख ७४ हजार. दर निम्मा असूनही मुदत तिप्पट असल्यामुळे व्याज जास्त! म्हणून मला पटलेला मार्ग हा: एसबीएचं स्वस्त कर्ज घ्यायचं, वर्गणी घरटी ४० डॉलर लावायची आणि वरचा पैसा मुद्दलात भरत जायचा. दंड नाहीच, आणि एखाद्या वर्षी पुन्हा संकट आलं तर २४ डॉलरवर परत येता येतं. बँकेच्या ६१ डॉलरला ही लवचीकता नाही.

सभासदांना तिन्ही पर्याय एका पानावर दाखवा. निवृत्त जोडपी मासिक रकमेकडे बघतात, पुढच्या वर्षी घर विकणारे “माझ्यानंतरच्याने फेडावं” म्हणतात, आणि एक जण हमखास विचारतो, “रिझर्व्ह कशाला आहे मग?” त्याचा प्रश्न बरोबर आहे. रिझर्व्ह थोडा वापरा, पण शून्यावर आणू नका. मॉर्गेजवाले तिथेही बघतात. घरमालकांच्या स्वतःच्या एचओ-६ (कॉन्डोमालकाचा घर विमा) पॉलिसीत ‘लॉस असेसमेंट’ नावाचं संरक्षण असतं, त्यातून वर्गणीचा काही भाग निघू शकतो. मूळ रक्कम बहुधा १,००० डॉलर असते आणि ती थोड्या पैशांत वाढवता येते. पुरासाठी मात्र ते सहसा लागू होत नाही.

मंजुरी, तारण आणि सही

अर्जानंतर एसबीएचा माणूस नुकसान पडताळतो, हल्ली कधी फोनवर आणि फोटोंवरच. त्याच्याबरोबर असं कुणीतरी ठेवा ज्याला तो मालकीचा तक्ता पाठ आहे. पडताळलेल्या नुकसानीवर आणखी २० टक्क्यांपर्यंत रक्कम पुढचं संकट टाळणाऱ्या सुधारणांसाठी मागता येते: पंप वरच्या मजल्यावर हलवणं, तळ्याची भिंत उंच करणं, वणव्याच्या भागात न पेटणारं छप्पर. ही मागायला बोर्डं विसरतात. आम्हीही विसरलो असतो. एका सभासदाच्या इंजिनिअर बायकोने आठवण केली.

मोठ्या रकमेला तारण लागतं आणि तिथे पुन्हा ड्यूज येतात. वर्गणी वसूल करण्याचा अधिकार तारण म्हणून देता येतो का, हे कागदांत आणि कायद्यात बघा. कॅलिफोर्नियात तर कायदाच सांगतो की परवानाधारक कर्जदात्याला तो देता येतो. आधीचं बँकेचं कर्ज असेल तर त्या बँकेची संमती लागेल का, तेही विचारा. सही करताना नावाखाली “अध्यक्ष, अमुक असोसिएशनतर्फे” हे असायलाच हवं. वैयक्तिक हमीची ओळ दिसली तर पेन खाली ठेवा आणि वकिलाला फोन करा. फुकट सेवा करणाऱ्या माणसाने स्वतःचं घर पणाला लावायचं काही कारण नाही.

मंजुरी आली म्हणजे कर्ज घ्यायलाच हवं असं नाही, पूर्ण रक्कम उचलायलाच हवी असंही नाही.

नकार आला तर पत्र नीट वाचा. कारणं बहुधा दोन: परतफेडीची ताकद दिसत नाही किंवा कागद अपुरे. सहा महिन्यांत फेरविचाराची मागणी करता येते, आणि तीही नाकारली तर ३० दिवसांत अपील. फेरविचाराला तोच अर्ज पुन्हा पाठवू नका. दरम्यान वर्गणी वाढवण्याचा ठराव करून घ्या आणि त्यानंतरचं अंदाजपत्रक जोडा. “आम्ही फेडू” हे सांगण्यापेक्षा वाढलेल्या ड्यूजचं पत्रक बोलकं असतं.

पैसे आल्यावर

रक्कम टप्प्याटप्प्याने येते. वेगळं खातं उघडा. चालू खर्चाच्या खात्यात एक दिवसही मिसळू नका. मंजूर कामाव्यतिरिक्त कशावर खर्च केला तर मुद्दलाच्या दीडपट दंडाची तरतूद आहे, आणि “नाहीतरी मजूर आलेच आहेत तर टेनिस कोर्टही करून घेऊ” या वाक्याने ही चूक सुरू होते. पावत्या, चेक, कंत्राटं, बदललेल्या कामाच्या चिठ्ठ्या निदान तीन वर्षं जपा. बोर्ड दरवर्षी बदलतं, म्हणून फाइल ट्रेझररच्या लॅपटॉपवर न ठेवता असोसिएशनच्या नावाच्या ड्राइव्हवर ठेवा. आमची जुनी फाइल एका माजी अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्याखाली सापडली होती.

घर विकणाऱ्या प्रत्येकाच्या रीसेल कागदांत या कर्जाची आणि त्यासाठीच्या वर्गणीची नोंद गेली पाहिजे. मॅनेजमेंट कंपनीला ते लेखी कळवा.

आणि वसाहत पूरक्षेत्रात असेल तर कर्जाच्या अटीत पूर विमा चालू ठेवणं येतं. तो एकदा खंडित झाला की पुढच्या पुरात याच दारातून परत पाठवतात. आमच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख आता क्लबहाउसच्या नव्या विजेच्या पॅनलच्या दारावर, आतल्या बाजूने, मार्करने लिहिलेली आहे. पॅनल यावेळी पहिल्या मजल्यावर आहे.